येशूने भुतं काढली, आजाऱ्यांना बरं केलं, या गोष्टींतून ख्रिस्ती माणसाने काय शिकायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. ओळखीच्या एका काकूंच्या आग्रहाखातर आई त्याला पुण्यातल्याच एका चंगाई सभेला घेऊन गेली. तिथे सांगितलं गेलं की याला दुष्टात्म्याने धरलंय, घरच्यांचा विश्वास कमी पडतोय म्हणून सुटका होत नाही, आणि गोळ्या घेणं म्हणजे देवावर अविश्वास दाखवणं. आई आता गोळ्या बंद करू म्हणतेय. आणि तुम्ही विचारताय की शुभवर्तमानातल्या, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रांतल्या, या गोष्टींतून आपण नेमकं घ्यायचं तरी काय.

सगळ्यात आधी एक सांगते, बाकीचं सावकाश वाचा. गोळ्या बंद करू नका. या आजारात औषधं अचानक थांबवली की दुखणं पुन्हा उसळण्याचा धोका फार वाढतो. डोस कमीजास्त करायचा असेल तर तो डॉक्टरांनीच करायचा, सभेतल्या कोणी नाही.

आता माझ्याबद्दल दोन वाक्यं, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी पुण्यातल्या मराठी मंडळीतच, म्हणजे चर्चमध्येच, लहानाची मोठी झाले. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवते, आणि मंडळीतल्या बायकांबरोबर दवाखान्यात आजाऱ्यांना भेटायला जाते. मी चमत्कार मानते. येशूने भुतं काढली हेही मानते आणि आजही प्रार्थनेने देव बरं करू शकतो हेही मानते. तेव्हा पुढचं सगळं आतल्या माणसाचं बोलणं समजा.

'विश्वास कमी पडला' हे वाक्य शास्त्रात कुठे आहे ते आधी पाहू, कारण तुमच्या आईच्या मनात तेच रुतून बसलं असणार. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १७ व्या अध्यायात येशू डोंगरावरून खाली येतो तेव्हा एक बाप आपल्या मुलासाठी त्याच्यापुढे गुडघे टेकतो. मुलाला फेफरं येतं, तो कधी विस्तवात पडतो, कधी पाण्यात. शिष्यांनी प्रयत्न करून पाहिलेला असतो, त्यांना जमलेलं नसतं. येशू मुलाला बरा करतो. मग शिष्य एकांतात विचारतात, आम्हाला ते भूत का नाही काढता आलं? तो म्हणतो, तुमच्या अल्पविश्वासामुळे. हे कोणाला म्हणाला? बरं करायला निघालेल्यांना. मुलाला नाही, त्याच्या बापालाही नाही. ज्यांनी तुमच्या आईला कमी विश्वासाची म्हटलं, त्यांनी हा अध्याय स्वतःकडे तोंड करून वाचायला हवा होता.

बाकी पुष्कळ गोष्टींत तर आजाऱ्याचा विश्वास तपासलेलाच दिसत नाही. बेथेस्दाच्या तळ्याकाठचा माणूस ३८ वर्षं दुखणाईत. आपल्याला बरं करणारा कोण, हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. नाईन गावची विधवा मुलाच्या तिरडीमागून रडत चाललेली. तिने काही मागितलंच नाही, येशूलाच कळवळा आला. गेथशेमाने बागेत ज्याचा कान कापला गेला तो मल्ख तर येशूला धरायला आलेल्यांतला. त्याचाही कान बरा झाला. आणि छपराला भगदाड पाडून ज्या पक्षाघाती माणसाला चौघांनी खाली सोडलं, त्याच्या गोष्टीत मार्क लिहितो की येशूने 'त्यांचा' विश्वास पाहिला. खाटेवरचा माणूस पूर्ण वेळ गप्प आहे. ज्याला स्वतःला उभं राहता येत नाही त्याच्या वाटचा विश्वास इतरांनी धरला तरी चालतो, इतकं मोठं आश्वासन या एका ओळीत आहे.

कोणी तुम्हाला नासरेथचा दाखला देईल, की तिथे लोकांच्या अविश्वासामुळे येशूला फारसं काही करता आलं नाही. खरंय, मार्कच्या ६ व्या अध्यायात तसं आहे. पण त्याच वाक्यात पुढे आहे की थोड्या आजाऱ्यांवर हात ठेवून त्याने त्यांना बरं केलं. तिथे विश्वास नव्हता तो गावच्या धडधाकट लोकांचा. कोणी बेथेस्दाच्या त्या माणसाला उद्देशून म्हटलेलं 'पुन्हा पाप करू नकोस' पुढे करेल. तेही खरं आहे, पण ते तो बरा झाल्यानंतर, मंदिरात गाठून सांगितलेलं आहे; बरं होण्याची अट म्हणून नाही. आणि योहानाच्या ९ व्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे बघून सरळ विचारतात, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणतो, याचंही नाही, आईबापाचंही नाही. तुमच्या आईला हा अध्याय आज वाचून दाखवा, पहिल्या ओळीपासून. तिने कुठे काय चुकलं याचा हिशोब किती रात्री केला असेल, याची मला कल्पना आहे. आजारी मुलांच्या आया सगळ्याच तो करतात.

आता भूतग्रस्तांच्या गोष्टींकडे येते. त्यातली सर्वांत मोठी गोष्ट मार्कच्या ५ व्या अध्यायात आहे, गालील समुद्राच्या पलीकडच्या काठावर, गरसेकरांच्या मुलखात. तो माणूस थडग्यांमध्ये राहायचा. रात्रंदिवस ओरडायचा, दगडांनी अंग ठेचून घ्यायचा. लोकांनी त्याला बेड्या घातल्या, साखळदंड लावले, ते त्याने तोडले. गावाचा उपाय एवढाच होता, बांधून ठेवा, नाहीतर लांब ठेवा. येशू त्याला बांधत नाही, मारत नाही, धुरी देत नाही. तो विचारतो, तुझं नाव काय? उत्तर येतं, माझं नाव सैन्य, कारण आम्ही पुष्कळ आहोत. पुढे सुमारे २,००० डुकरांचा कळप कड्यावरून समुद्रात जातो. सभांमध्ये याच प्रसंगावर जोर दिला जातो, कारण तो ऐकायला थरारक आहे.

मला मात्र पुढची ओळ जास्त महत्त्वाची वाटते. गावकरी धावत येतात आणि पाहतात तर तो माणूस कपडे घालून, शुद्धीवर येऊन बसलेला. लूक सांगतो की त्याने कित्येक दिवसांत अंगाला कपडा लावलेला नव्हता. रविवारच्या शाळेत ही गोष्ट सांगितली की कोणीतरी हमखास विचारतं, 'मग कपडे कुठून आले?' शास्त्रात उत्तर नाही. एकदा एका मुलीने तिथल्या तिथे सांगून टाकलं, 'शिष्यांपैकी कोणीतरी आपल्या अंगावरचं दिलं असेल ना, अजून कोण होतं तिथे?' मला ते पटलं. समुद्रकिनारी, थडग्यांजवळ, नुकत्या शांत झालेल्या माणसापुढे कोणीतरी आपलं वस्त्र सोडून धरलं असणार, आणि तो ते अंगावर घेईपर्यंत कोणीतरी पाठ केली असणार.

आणि गावकऱ्यांचं काय? त्यांना भीती वाटली. तो थडग्यांत ओरडत होता तोवर त्यांची काही तक्रार नव्हती. तो शहाण्यासारखा बसला तेव्हा ते घाबरले आणि येशूलाच आमच्या प्रदेशातून जा म्हणाले. मानसिक आजार असलेल्या घराला हे समजावून सांगावं लागत नाही. माणूस सावरला तरी सोसायटीत, नातेवाइकांत, लग्नाच्या बोलण्यात त्याची जुनीच ओळख पुढे केली जाते.

तो माणूस येशूबरोबर होडीत बसू द्या म्हणून विनवतो. येशू नाही म्हणतो. आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा, प्रभूने तुझ्यावर किती दया केली ते त्यांना सांग. सुटकेचा शेवट हा आहे, माणूस घरी पोचणं. रक्तस्रावाने १२ वर्षं पिडलेल्या बाईला तो गर्दीत सगळ्यांसमोर 'मुली' म्हणतो. विटाळाच्या नियमांमुळे जिला कोणी जवळ येऊ दिलं नसेल, तिला. कुबडी बाई १८ वर्षं वाकलेली, तिला 'अब्राहामाची मुलगी' म्हणतो. नाईनच्या तरुणाला उठवून त्याच्या आईच्या हाती देतो. याईर नावाच्या बापाची मेलेली मुलगी उठते तेव्हा सांगतो, हिला काहीतरी खायला द्या. एकाही बऱ्या झालेल्या माणसाला तो आपल्या सभेची जाहिरात म्हणून गावोगाव फिरवत नाही. उलट पुष्कळांना सांगतो, कोणाला बोलू नका. बहिऱ्या माणसाला गर्दीतून बाजूला नेतो. याईराच्या घरातून रडणाऱ्या-ओरडणाऱ्यांना बाहेर काढतो, आत फक्त आईबाप आणि तीन शिष्य. जिथे आजाऱ्याला माईकसमोर उभं करून शेकडो लोकांदेखत हलवलं जातं आणि बाजूला दानाची थैली फिरते, तिथे यातलं काय उरलं ते तुम्हीच ताडून पाहा. 'तुम्हांला फुकट मिळाले, फुकट द्या' हे वचन रोग्यांना बरं करायला शिष्यांना पाठवतानाच दिलेलं आहे.

आमच्या मंडळीत एक गृहस्थ आहेत, दुखणं तुमच्या भावासारखंच. नियमाने गोळ्या घेतात. आवाज अजूनही कधीमधी येतात, ते स्वतःच सांगतात. त्यांच्यासाठी आम्ही बरीच वर्षं प्रार्थना करतोय, आणि 'पूर्ण सुटका झाली' अशी साक्ष आजवर कोणी दिलेली नाही. रविवारी उपासनेआधी ते दारात उभे राहून गीतांची पुस्तकं देतात. देण्याआधी प्रत्येक पुस्तक उघडतात, पान फाटलंय का बघतात, कोपरा दुमडला असेल तर बोटाने सरळ करतात, मग हातात ठेवतात. त्यामुळे पायऱ्यांपर्यंत रांग लागते. कोणी घाई करत नाही. पाळकसाहेब पहिलं गीत थोडं थांबून सुरू करतात. थडग्यांतून घरी आणणं म्हणजे काय, हे मला उपदेशांपेक्षा त्या रांगेत उभं राहून जास्त कळलंय.

बांधून ठेवण्याचा विषय निघालाच आहे तर कायद्याचंही सांगते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ ने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यावर कुठल्याही स्वरूपात बंदी घातली आहे. आणि महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, ज्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचलं आणि ज्यांचा खून याच पुण्यात झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने किंवा साखळीने बांधणं, काठीने मारणं, मिरचीची धुरी देणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे. तो भगताने केला काय आणि हातात शास्त्र धरून केला काय, कायद्याला फरक पडत नाही. शुभवर्तमान वाचणाऱ्याला तर कायद्याची वाट बघण्याचंही कारण नाही, कारण गरसात साखळदंड कोणी लावले होते आणि सुटका झाल्यावर तो माणूस कोणाच्या पायाशी बसला होता, हे आपल्याला माहीत आहे.

दुसरा मुद्दा: आजार आणि भूतबाधा एकच का? मत्तयाच्या ४ थ्या अध्यायात येशूकडे आणलेल्या लोकांची यादी आहे. तिथे भूतग्रस्त वेगळे, फेफरेकरी वेगळे, पक्षाघाती वेगळे लिहिलेत. पेत्राच्या सासूला ताप होता. मार्क सांगतो की त्याने तिचा हात धरून तिला उठवलं, तिथे भुताचा उल्लेख नाही. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखकांनाही प्रत्येक दुखणं भुताचं वाटत नव्हतं. कॅथलिक मंडळीत आजही बिशपच्या स्पष्ट परवानगीशिवाय कोणा धर्मगुरूला भूत काढण्याचा विधी करता येत नाही, आणि आधी हा आजार तर नाही ना याची खात्री करावी लागते. फ्रान्समधल्या लूर्द या कॅथलिक तीर्थस्थानाचं उदाहरण घ्या. १८५८ पासून तिथे आजारी आणि इतर यात्रेकरू श्रद्धेने जातात, आता वर्षाला लाखो. १८८३ पासून तिथे डॉक्टरांची कचेरी आहे, जी बरं झाल्याच्या दाव्यांची तपासणी करते. एवढ्या काळात चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना ७० च्या आसपास आहेत. मी कॅथलिक नाही, पण ही सावधगिरी मला खऱ्या विश्वासाची वाटते. येशूनेही कुष्ठरोग्याला बरं करून सांगितलं, जा, स्वतःला याजकाला दाखव. त्या काळी कुष्ठ गेलं की नाही हे ठरवण्याचा अधिकार याजकाचा होता. म्हणजे तपासून घ्या, हे त्यानेच सांगितलेलं आहे.

गोळ्या घेणं हा अविश्वास असेल तर प्रेषित पौलाचं काय करायचं? त्याने आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला लिहिलं, प्रार्थना वाढव असं नाही लिहिलं. दुसऱ्या सोबत्याला, त्रफिमाला, त्याने मिलेतात आजारीच मागे ठेवलं. स्वतःच्या शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि उत्तर आलं, माझी कृपा तुला पुरे आहे. त्याच्यासोबत असलेल्या लूकला तो प्रिय वैद्य म्हणतो, आणि तिसरं शुभवर्तमान परंपरेने त्याच वैद्याच्या नावावर आहे.

आपल्या पुणे जिल्ह्यातलंच एक उदाहरण द्यायचं तर दौंड तालुक्यातलं केडगाव. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. प्रार्थनेवर त्यांच्याइतका भार टाकणारी व्यक्ती मराठी ख्रिस्ती समाजात शोधून सापडणार नाही. १९०५ मध्ये तिथे झालेल्या आध्यात्मिक जागृतीची नोंद जगभर घेतली गेली. त्याच मुक्तीत आंधळ्या बायकांसाठी एक घर होतं, त्याचं नाव बार्तीमी सदन, यरीहोच्या वाटेवर दृष्टी मिळालेल्या बार्तीमयावरून. त्या घरात काय चालायचं? रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई हिने ब्रेल शिकून घेतली आणि त्या बायका बोटांनी वाचायला शिकल्या, हाताने कामं करायला शिकल्या. 'तुमचा विश्वास कमी म्हणून डोळे आले नाहीत' असं म्हणून त्यांना दाराबाहेर काढलं गेलं नाही. चमत्काराचं नाव दारावर आणि ब्रेल आत, यात रमाबाईंना विसंगती वाटली नाही. मलाही वाटत नाही.

आता तुमच्या आईविषयी, कारण खरा प्रश्न तिचा आहे असं मला वाटतं. फेफरं येणाऱ्या मुलाची गोष्ट मार्कच्या ९ व्या अध्यायात जास्त सविस्तर आहे. मुलगा समोर जमिनीवर पडून लोळतोय, तोंडाला फेस आलाय, आणि येशू त्याच्या बापाला विचारतो, याला असं होऊन किती दिवस झाले? ससून रुग्णालयाच्या वॉर्डात मी हा प्रश्न डॉक्टरांच्या तोंडून ऐकते. त्या क्षणी खाटेखाली चटईवर बसलेली बाई उठते, प्लास्टिकच्या पिशवीतून केसपेपर काढते, जुनी चिठ्ठी, त्याआधीची चिठ्ठी, आणि बोलायला लागते. तिला इतके दिवस कोणी विचारलेलंच नसतं. तो बापही तसाच बोलतो: लहानपणापासून, कितीदा विस्तवात पडला, कितीदा पाण्यात. आणि पुढे, तुम्हाला काही करता येत असेल तर 'आमच्यावर' दया करा. मुलावर एकट्यावर नाही. मग विश्वासाचं बोलणं निघतं तेव्हा तो ओरडून सांगतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. इतका अर्धामुर्धा, रडवेला विश्वास, आणि येशू तेवढ्यावर मुलाला हात धरून उठवतो. तुमच्या आईकडे याहून कमी नक्कीच नाही.

तेव्हा तिच्याशी वाद घालू नका. सभेवर टीका करून सुरुवात केलीत तर ती काकूंचीच बाजू घेईल. तिला विचारा, किती दिवस झाले गं, तुला झोप किती मिळते, आणि ती बोलेल ते मध्ये न तोडता ऐका. मग योहान ९ आणि मार्क ९ एकत्र वाचा. तुमच्या पाळकसाहेबांना घरी बोलवा. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय, ती घरात, ओळखीच्या माणसांत होते, आणि औषधाच्या आड येत नाही. आईची खात्री पटत नसेल तर पुढच्या तपासणीला तिला सोबत न्या आणि तिची शंका तिलाच डॉक्टरांना विचारू द्या. ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे, येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे. अडीनडीला टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट आहे आणि मराठीतून बोलता येतं. घरच्यांनीही लावला तरी चालतो.

आणि तुमच्या भावाला विचारा. तुमच्या सगळ्या प्रश्नात त्याचं म्हणणं कुठेच आलेलं नाही. येशू बार्तीमयाला, जो उघड उघड आंधळा आहे, तरी विचारतो की मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे. तुमच्या भावाला सभेला जायचं होतं का, डोक्यावर हात ठेवलेले चालतात का, प्रार्थना मोठ्याने केलेली सोसते की मनातल्या मनात बरी वाटते, हे तो सांगू शकेल. बरं वाटत असेल अशा वेळी विचारा, आणि तो नको म्हणाला तर काकूंना तुम्ही स्वतः फोन करून तसं कळवा.